विमा नाही? सोलापुरात उपचारासाठी कर्ज काढण्याआधी हे तपासा

विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या घरात एखादे ऑपरेशन निघाले, की दागिने गहाण पडतात. त्याआधी तीन ठिकाणी चौकशी करावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : संलग्न रुग्णालयात योजनेत बसणारे उपचार मोफत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशनकार्ड, ओळखपत्र घेऊन आरोग्यमित्राला भेटावे. हेल्पलाइन : १५५३८८.

सिव्हिल : छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात खर्च खासगीपेक्षा बराच कमी.

धर्मादाय रुग्णालये : १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. उत्पन्नाचा दाखला लागतो. नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

बिल भरण्याआधीच विचारावे; भरलेले पैसे परत मिळणे अवघड असते.