नाका गेला, दलाल राहिला

बाबांच्या हिशेबाच्या अकरा वह्या माझ्याकडे आहेत. लांबट, लाल पुठ्ठ्याच्या. प्रत्येक पानावर तेच रकाने: तारीख, कुठून, कुठे, माल, वजन, टनामागे भाव, कमिशन, अ‍ॅडव्हान्स आणि शेवटचा रकाना ‘बाकी’. बाबा एका दहाचाकी ट्रकचे मालक होते आणि त्याच ट्रकचे ड्रायव्हरही. 1994 साली त्यांनी तो सेकंडहँड घेतला. आमचं घर नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती रोडवरच्या वाडीत. गाडी विकल्यावर वह्या रद्दीत निघाल्या होत्या, त्या मी काढून घेतल्या.

वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. गाडी बाबांची, डिझेल बाबांचं, कर्जाचा हप्ता बाबांचा, घाटातला धोकाही त्यांचाच. तरी पंचवीसेक वर्षांत भाडं त्यांनी स्वतः ठरवलं, असं पान क्वचितच सापडतं. ते ठरवणारा माणूस मध्ये बसलेला होता. तो तिथे कसा आला, हे शोधताना मला बरंच मागे जावं लागलं.

पेशवाईत माल एका पेठेतून दुसऱ्या पेठेत न्यायचा तर वाटेत ठिकठिकाणी जकात द्यावी लागे. प्रत्येक चौकीवर माल दाखवायचा, घासाघीस करायची, हे व्यापाऱ्याला परवडत नसे. त्यातून हुंडेकरी उभा राहिला. वाहतूक आणि वाटेतली जकात मिळून तो एकच ठोक रक्कम ठरवी. ते हुंडेभाडं. म्हणजे नाके होते म्हणून हुंडेकरी होता.

बंजाऱ्यांची गोष्ट वेगळी. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणारे त्यांचे तांडे अनेकदा माल स्वतःच विकत घेत आणि पुढे विकत. बैलही त्यांचे, मालही त्यांचा. 1867 साली मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली आणि या लदेणीच्या धंद्याचे दिवस भरत आले. पुढे ट्रक आले, तेव्हा ट्रकवाल्याकडे बैल तेवढा उरला होता. माल दुसऱ्याचा होता, आणि तो शोधावा लागत होता.

सुरुवातीला गाड्यांची संख्याच कमी होती. 1939 च्या मोटार वाहन कायद्याखाली परवाने हात राखून मिळत. 1975 साली नॅशनल परमिट आलं, तेही प्रत्येक राज्याला ठरावीक संख्येत. 1988 चा नवा कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि परमिट मिळणं सोपं झालं. बाबांसारखा, आधी दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर आणि मग ड्रायव्हर असलेला माणूस मालक होऊ शकला, तो त्यामुळे. पण जे बाबांना जमलं ते इतरांनाही जमलं. गाड्या वाढल्या, आणि गाड्या वाढल्या की माल ज्याच्या हातात त्याचा शब्द चालतो.

तो माल वाडीत होता. वाडी तेव्हा ग्रामपंचायत होती, नागपूर महापालिकेच्या हद्दीबाहेर. शहरात माल नेला की जकात लागायची, म्हणून कंपन्या आणि व्यापारी गोदामं हद्दीच्या अलीकडे बांधत आणि लागेल तेवढाच माल आत नेत. त्यात भर केंद्रीय विक्रीकराची. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात थेट विक्री केली तर तो कर लागे. आपल्याच डेपोत माल नुसता हलवला तर नाही. म्हणून कंपन्यांनी राज्याराज्यांत डेपो उघडले. खडगाव रोड, दत्तवाडी, पुढे आठवा मैलापर्यंत पत्र्याच्या शेडांची जी रांग वाढली, ती या करांच्या सावलीत.

गोदामांमागोमाग ट्रान्सपोर्टवाल्यांचे गाळे आले, गॅरेज, टायरवाले, वजनकाटे आणि ढाबे आले. प्रत्येक गाळ्यासमोर एक बाक. माल शोधणं म्हणजे या बाकावर बसणं. बाबा गाडी रिकामी करून आले की अंघोळ करून तिथे जात. आतून मुनशी ओरडे, “रायपूर सोळा टन, कौन जाएगा?” मग भाव पाडला जाई. दहा गाड्या उभ्या असल्या की तो लवकर पडे. कधी दोन तासांत भरती मिळे, कधी तीन-तीन दिवस नाही. वह्यांत त्या दिवसांपुढे बाबांनी फक्त ‘उभी’ असं लिहिलं आहे.

गाडी भरली की ट्रान्सपोर्टवाला बिल्टी करी. भाड्याचा मोठा भाग अ‍ॅडव्हान्स मिळे, पण त्यातून कमिशन, मुनशियाना, कधी हमाली वजा होऊन. काही रक्कम रोख नाही, ठरलेल्या पंपावरच्या डिझेलच्या चिठ्ठीत. उरलेली बाकी पोचपावती परत आणून दिल्यावर. एखादं पोतं फुटलं, वजन कमी भरलं, तर ते बाकीतून कापलं जाई.

कायद्याने या माणसाची दखल घेतली नव्हती असं नाही. मालवाहू गाड्यांसाठी माल गोळा करून पाठवणाऱ्या एजंटाला 1988 च्या कायद्याच्या कलम 93 खाली परवाना लागतो. माल वाहण्याची जबाबदारी घेणाऱ्यांसाठी 1865 चा जुना कायदा जाऊन 2007 चा कायदा आला, तो 1 मार्च 2011 पासून लागू झाला आणि त्यांना नोंदणी सक्तीची झाली. पण या दुसऱ्या कायद्याचा भर माल पाठवणारा आणि बिल्टी देणारा यांच्यातल्या जबाबदारीवर. बाबांची बाकी बुडाली तर हातात काय, तर दलालाची एक चिठ्ठी.

मग नाके जायला लागले. 1 एप्रिल 2013 ला नागपुरात जकातीच्या जागी एलबीटी आला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे तपासणी नाके उठले. 2018 पासून मालाचा कागदच ऑनलाइन झाला, ई-वे बिल, त्यात गाडीचा नंबर. ज्या करांनी वाडी उभी केली ते गेले, तरी वाडी ओस पडली नाही. देशाच्या मधोमध असण्याचा फायदा करांच्या आधीही होता आणि नंतरही राहिला.

मला वाटलं, आता दलालही जाईल. 2015 मध्ये ब्लॅकबकसारख्या कंपन्या सुरू झाल्या होत्या. मोबाइलवर माल दिसणार, गाडीवाला आणि मालवाला थेट बोलणार. व्हॉट्सअ‍ॅपवर तर दर तासाला लोड येत होते. मी बाबांना म्हणालो, “बाकावर कशाले बसता? मी घरूनच माल पाहून देतो.”

2017 च्या पावसाळ्यात मी हैदराबादचा एक लोड शोधला. भाव वाडीच्या बाकापेक्षा बरा होता, कमिशन कमी. फोनवरचा माणूस गोड बोलत होता. अ‍ॅडव्हान्स वेळेवर आला. बाबा माल टाकून, पोचपावती घेऊन परतले, तेव्हा फोन बंद होता. बाकी होती बावीस हजार. त्या महिन्यात गाडीचा हप्ता चुकला आणि आईची पाटली गहाण पडली.

बाबा मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “माल तं साऱ्यांजवळच असते. पैसे देणारा माल कोणाजवळ हाय, थे बाकावर समजते.”

मला वाटत होतं, दलाल बातमी विकतो: कुठे माल आहे, कुठे गाडी आहे. बातमी फोनवर फुकट झाली की त्याचं काम संपेल. पण बाकावर बसून बाबा आणखी काही मिळवत होते. कोणाची बाकी महिनोन्‌महिने अडकते, कोणत्या गोदामात गाडी दोन दिवस उभी ठेवतात, कोण फुकट कापाकापी करतो. हे शेजारी बसलेला ड्रायव्हर सांगे. आणि ज्याने बाकी दिली नाही, त्याचा गाळा समोरच असे. सकाळी जाऊन उभं राहता येई. कमिशनमध्ये त्या गाळ्याच्या दाराचीही किंमत होती. हुंडेकऱ्याचंही हेच असणार. तो जकातीचा हिशेब करी, पण व्यापारी पैसे मोजत तो त्याच्या शब्दाचे.

म्हणून दलाल चांगला होता, असं मी म्हणणार नाही. त्याच वह्यांत त्याने पाडलेले भाव आहेत आणि ‘उभी’ लिहिलेले दिवसही. पडत्या भावात, चढत्या डिझेलमध्ये एका गाडीचा मालक टिकणं अवघडच होतं. 2020 च्या लॉकडाऊननंतर वर्षभरात बाबांनी गाडी विकली. पण आम्ही त्याच्या जागी जे आणलं, त्यात भाव पाडणारा तसाच राहिला आणि दार तेवढं गेलं.

मिळालेल्या प्रत्येक बाकीवर बाबांनी आडवी रेघ मारली आहे. हैदराबादच्या ओळीवर रेघ नाही. त्या पानावर कमिशनचा रकानाही कोरा आहे. तो कोरा ठेवायला मीच सांगितलं होतं.