ऊसतोडीची उचल आणि आरोग्य

ऊसतोडीच्या हंगामापूर्वी मुकादम मजूर जोडप्यास जी आगाऊ रक्कम देतो, तीस उचल म्हणतात. बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांतून लक्षावधी मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात उतरतात आणि पाच-सहा महिने तोड करून, टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून ही रक्कम फेडतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जात असल्याने कर्ज दोघांच्याही अंगावर असते. बोलणी मात्र बहुधा पुरुषाशीच होतात.

कर्जाच्या विवंचनेने झोप उडते, हे कोणत्याही ऋणकोच्या बाबतीत खरे आहे; उचलीचा अंमल त्याहून प्रत्यक्ष देहावर चालतो. एक दिवस कामास न गेल्यास ‘खाडा’ पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, शिवाय दंडाची रक्कम मुकादमाच्या वहीत बाकी म्हणून चढते. परिणामी ताप, पाठदुखी, मासिक पाळी, इतकेच नव्हे तर गरोदरपणाचे अखेरचे महिनेही अंगावर काढले जातात. पहाटे अंधारात फडात शिरणारी, मोळ्या डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहणारी आणि गाडी अवेळी आली तर रात्री पुन्हा भरणीस उठणारी स्त्री ज्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते, तिच्याजवळ बहुधा न्हाणी नसते, शौचालय नसते आणि पाणीही पुरेसे नसते. जंतुसंसर्ग तेथे नित्याचाच.

अशा तक्रारीवर गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला खाजगी दवाखान्यांतून मिळू लागला, आणि पाळीचे खाडे कायमचे टळतील या हिशेबाने तो मानलाही गेला. 2019 साली या प्रकाराचा गवगवा झाल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील जी माहिती आली, तीनुसार पाहणी झालेल्या सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया आधीच्या दहा वर्षांत झालेली होती. त्यांत ऐन तिशीतल्या स्त्रियाही होत्या. बीजाशयेही काढली गेल्यास रजोनिवृत्ती अकाली येते, हाडे ठिसूळ होतात आणि जड काम झेपेनासे होते. शिवाय शस्त्रक्रियेचा खर्च पुष्कळदा नव्या उचलीतूनच भागविलेला असतो. खाडा चुकविण्यासाठी केलेला उपाय असा बाकी वाढवून जातो, हा या व्यवहारातील सर्वांत निर्दय भाग होय.

या गवगव्यानंतर बीडमध्ये खाजगी रुग्णालयांस अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे सक्तीचे करण्यात आले. मुकादमाच्या वहीतील खाड्याच्या रकान्यास या बंदोबस्ताचा स्पर्श होत नाही.