कामकरी संतांचा परमार्थ

अध्यात्म म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें अरण्य, गुहा, भगवीं वस्त्रें आणि जगाकडे पाठ फिरविलेला एखादा तपस्वी उभा राहतो. असे तपस्वी या देशांत झाले, आणि त्यांची थोरवी कोणी नाकारीत नाहीं. परंतु तेराव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रांत जें घडलें तें निराळें होतें. येथें आत्मज्ञानाचा शोध माळ्याच्या मळ्यांत, कुंभाराच्या आव्यापाशीं, सोनाराच्या बागेसरीशेजारीं आणि दासीच्या जात्यावर चालूं लागला. आणि तो शोध घेणाऱ्या माणसांनीं आपले धंदे सोडले नाहींत. ही गोष्ट आतां इतकी परिचित झाली आहे कीं तिच्यांतील नवल सहसा कोणास जाणवत नाहीं.

तें जाणवावयाचें तर त्या काळाच्या धर्माकडे पाहिलें पाहिजे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या व्रतखंडांत व्रतांची जणूं अठरापगड जत्राच भरलेली आहे. प्रत्येक व्रताची तिथि निराळी, सामग्री निराळी, दक्षिणा निराळी. ग्रंथकाराच्या विद्वत्तेविषयीं वाद नाहीं. पण असा धर्म पाळण्यास पैसा लागतो, रिकामा वेळ लागतो आणि संस्कृत जाणणारा पुरोहित लागतो. पहांटे मोटेवर जाणाऱ्यापाशीं यांपैकीं एकहि गोष्ट नसते. दुसरा मार्ग संन्यासाचा. तो मार्ग धरणारा भिक्षेवर राहतो, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी नांगर धरलेला असावा लागतो, ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, नेवासें येथें ज्ञानदेवांनीं गीतेवरील मराठी टीका पूर्ण केली. गीतेच्या अठराव्या अध्यायांत आपापल्या कर्मानेंच ईश्वराची पूजा घडते असा विचार आहे. ज्ञानदेवांनीं तो मराठींत आणला, आणि लिहितां वाचतां न येणाऱ्यालाहि तो कानांनीं ऐकतां येऊं लागला. परंतु ग्रंथांतील विचार वेगळा आणि तो विचार घेऊन दिवस काढणारा माणूस वेगळा. पंढरपूरच्या परिसरांत त्याच सुमारास अशीं माणसें एकामागून एक दिसूं लागलीं.

सावता माळी हा सोलापूर जिल्ह्यांतील अरण गांवचा. पंढरी तेथून फार लांब नाहीं, तरी परंपरा असें सांगते कीं सावता वारीस गेला नाहीं. मळा हेंच त्याचें क्षेत्र होतें. त्याच्या प्रसिद्ध अभंगांत मळ्यांतला भाजीपालाच विठाईचें रूप घेऊन येतो. शके १२१७ मध्यें अरणलाच त्यानें देह ठेवला. वारकरी संप्रदायानें या न येणाऱ्या भक्ताला दोष दिला नाहीं. आषाढींत इतर संतांच्या पालख्या पंढरीस येतात. सावत्याच्या भेटीसाठीं मात्र विठ्ठलाचीच पालखी अरणास जाते. ज्या संप्रदायाचें सारें व्रत वारीभोंवतीं गुंफलेलें, त्यानें वारी न करणाऱ्याला असा मान द्यावा, यावरून त्याच्या लेखीं कामाची योग्यता काय होती तें दिसतें.

या संतांच्या वाणीकडे पाहिलें तर तिच्यांत त्यांची हत्यारें जागोजाग आढळतात. नरहरि सोनाराच्या अभंगांत बागेसरी, मूस आणि हातोडा आहेत. सेना न्हाव्याच्या नांवावर जो अभंग आहे त्यांत आरसा आणि चिमटा आहेत. नामदेव शिंपी, त्याचीं एकसष्ट पदें शिखांच्या आदिग्रंथांत आहेत, आणि त्यांत गज, कातर, सुई, दोरा हीं सारीं येतात. याला केवळ कवीची उपमा म्हणून सोडून देणें बरोबर नाहीं. उपमा शोधावी लागते. हीं हत्यारें तर दिवसभर हातांत होतीं. मूस तापवितांना ज्याला मन तापल्याची खूण पटते, त्याला ध्यानासाठीं वेगळी बैठक घालावी लागत नाहीं.

आणि नेमकी हीच या मार्गाची व्यावहारिक किल्ली होती. नामस्मरणास हात मोकळे असावे लागत नाहींत. जनाबाई गंगाखेडची, लहानपणींच पंढरपुरास नामदेवाच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या, घरीं दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, शेणी वेंचणें, पाणी आणणें, यांतून तिला दिवसाचा एक प्रहरहि स्वतःचा मिळाला असेल असें वाटत नाहीं. तिचा देव तिच्याबरोबर दळूं लागतो, शेण वेंचूं लागतो. पहांटे जात्यावर बसणाऱ्या किती पिढ्यांच्या बायकांनीं हे अभंग गाइले त्याची गणती कोण करणार! एकादशीचा उपवास, गळ्यांत तुळशीची माळ, वर्षाकांठीं वारी आणि मुखीं नाम, एवढीच सामग्री. आषाढीची वारीसुद्धां बहुतेक मृगाच्या पेरण्या उरकल्यानंतर येते. कुणब्याला झेपेल असाच हा धर्म होता.

तथापि या चित्रावर एक छाया आहे, आणि ती पुसून टाकणें इतिहासाला शोभणार नाहीं. गोरा कुंभार हा तेरचा. चिखल तुडवितांना भजनाच्या तंद्रींत त्याच्या पायांखालीं स्वतःचें तान्हें मूल चिरडलें गेलें, अशी कथा घरोघर सांगतात. महिपतीचा ‘भक्तविजय’ शके १६८४ मधील, म्हणजे गोरोबांनंतर सुमारें साडेचारशें वर्षांचा. तेव्हां कथेतील घटना तशीच घडली असें मानण्याचें कारण नाहीं. कथेंत शेवटीं मूल परत मिळतें. परंतु ही कथा ज्यांनीं रचिली आणि जपली त्यांना एक गोष्ट ठाऊक होती: प्रपंचांत परमार्थ करणाराचें लक्ष एका क्षणापुरतें उडालें तर त्याची किंमत घरचींच माणसें देतात. आई आकांत करते आणि पिता तल्लीन असतो, हें कथेनें लपविलेलें नाहीं.

देहूच्या तुकोबांच्या घरींहि तेंच. शके १५५१-५२ च्या भयंकर दुष्काळांत त्यांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, वाण्याचा धंदा बुडाला. पुढें त्यांनीं घराण्याच्या कर्जखतांतील आपला वांटा इंद्रायणींत सोडला असें परंपरा सांगते. पुढचा संसार ओढला तो जिजाबाईनें. कीर्तनकारांनीं तिला कजाग ठरवून श्रोत्यांना हंसविलें, हा अन्यायच म्हटला पाहिजे. उद्यांच्या भाकरीची चिंता तिनें केली नसती तर डोंगरावर एकांत कोणास लाभला असता? तुकोबांना गुरु मानणाऱ्या बहिणाबाईनें (इ. स. १६२८ ते १७००) आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत घरांतील हालअपेष्टा स्वतःच सांगितल्या आहेत. ब्राह्मण घरांतील या स्त्रीनें शूद्र गुरूचा ध्यास घेतला म्हणून नवऱ्यानें तिला मारहाण केली. तिनें घर सोडलें नाहीं, आणि भक्तीहि सोडली नाहीं. सावत्याला मळ्यांत जें सहज साधलें तें तिला रोज मार खाऊन मिळवावें लागलें.

सर्वांत कठीण प्रश्न चोखामेळ्याचा. स्वकर्म हीच पूजा, हें माळ्याला आणि सोनाराला शोभतें. ज्याचें कर्म म्हणजे मेलेलीं जनावरें ओढणें, गांवाचा उष्टा तुकडा खाणें आणि बोलावतील तेव्हां वेठीस जाणें, त्यानें त्या कर्माची पूजा कशी बांधावी? चोखोबांच्या वाणींत हत्यारांच्या गोड उपमा फारशा सांपडत नाहींत. तेथें देवाला विचारलेले प्रश्न आहेत. त्यांची पत्नी सोयराबाई विटाळाच्या कल्पनेलाच हात घालते. मुलगा कर्ममेळा तर देवाशीं सरळ भांडतो, आणि हीन जातींत जन्म देऊन वर भक्ति मागतोस, याचा जाब विचारतो. मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चालूं असतां तें कोसळून चोखोबा त्याखालीं गेले. परंपरेप्रमाणें तें वर्ष इ. स. १३३८. बाकीच्या संतांना कामानें देव भेटविला; चोखोबांचा त्या कामानेंच जीव घेतला.

आधुनिक काळांत या चळवळीचें मोजमाप करतांना दोन पक्ष पडले. न्यायमूर्ति रानड्यांनीं १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथांत संतांची तुलना युरोपांतील धर्मसुधारणेशीं केली, आणि राष्ट्र उभें राहण्याची भूमि त्यांनीं तयार केली असें म्हटलें. इतिहासाचार्य राजवाडे यांचा ग्रह उलट. त्यांच्या मतें संतांनीं समाजाला सोशीक आणि निष्क्रिय केलें. दोघांचीहि दृष्टि राष्ट्राच्या उत्कर्षापकर्षावर खिळलेली होती. दळणाऱ्या जनीला राज्य मिळवावयाचें नव्हतें. आपला जीव कोणाहून हलका नाहीं, हें तिला स्वतःला पटलें होतें, आणि हें पटण्यासाठीं कोणाच्या परवानगीची गरज नाहीं, हेंहि पटलें होतें. एवढ्यापुरतें पाहिलें तर राजवाड्यांचा आक्षेप लटका पडतो. मात्र मनांतील ही समता गांवच्या पाणवठ्यापर्यंत पोंचली नाहीं, हें रानड्यांच्या पक्षालाहि मान्य करावें लागेल.

चोखोबांच्या अस्थि नामदेवानें पंढरपुरास आणल्या असें सांगतात. त्यांची समाधि विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर आहे. शतकानुशतकें वारकरी तिच्यापुढें मस्तक ठेवून आंत जात आले, आणि चोखोबांचे जातिबांधव तेथूनच मागें फिरत आले. तें द्वार त्यांना खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींनीं मे १९४७ मध्यें पंढरपुरास उपोषण केलें, तेव्हां तें उघडलें. मंगळवेढ्याचें कुसूं कोसळल्याला तोंवर सहाशें नऊ वर्षें झालीं होतीं. पुढच्याच वर्षीं, १९४८ मध्यें, डॉ. आंबेडकरांनीं अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास त्यांनीं आपल्या लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली.