यावत्तावत्
मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पाटणचा शिलालेख (शके ११२८) आपण जुन्या मराठीचा नमुना म्हणून वाचतो आणि पुढे जातो. तो लेख मुळात एका मठाचा, म्हणजे शाळेचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चाळीसगावजवळ तो स्थापिला.

त्या आजोबांनी ‘बीजगणिता’त अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटले. म्हणजे जेवढे असेल तेवढे. पुढची अज्ञाते कालक, नीलक, पीतक. लिहिताना नुसते या, का, नी, पी. पण अक्षरामागे शब्द होता.

नामपूरची मोसम मालेगावपाशी गिरणेला मिळते आणि गिरणा पुढे चाळीसगाव तालुक्यात शिरते. याच खोऱ्यातील सातवीच्या फळ्यावर आज ‘एक्स’ असतो. पूर्वी ‘क्ष’ असे. तोही (आमच्या मते) तितकाच मुका. मुलाला वाटते, अक्षरांची बेरीज करायची आहे.

बागलाणात डाळिंबे पुष्कळ. तीन क्रेट आणि सुटी पाच मिळून ६५ भरली, तर एका क्रेटमध्ये किती? उत्तर निघेपर्यंत ‘जेवढी असतील तेवढी’ असे मुलांना म्हणू द्यावे. तीन या, पाच रू, बरोबर पासष्ट रू. एक्स नंतर येईना का.