लाल, हिरवा, निळा : एका बटणात दडलेली तीन दशके

१/
मामाच्या पन्नाशीनिमित्त आम्ही भावंडांनी घरीच आर्केड कॅबिनेट बनवायला घेतले. प्लायवूडचा सांगाडा, एक जुना मॉनिटर, दोन जॉयस्टिक आणि रंग बदलणारी १४ एलईडी बटणे, असा सारा बेत होता. सुतारकाम बिनबोभाट पार पडले. घोडे अडले ते बटणांच्या जोडणीपाशी. त्या अडचणीचे मूळ शोधताना थेट १९०७ सालापर्यंत जावे लागले. त्या प्रवासाचा हा थ्रेड.

२/
आधी बटणाची रचना पाहू. अशा बटणात दोन स्वतंत्र मंडले असतात. पहिले मायक्रोस्विचचे : बटण दाबले की दोन तारा जोडल्या जातात आणि संगणकाला इशारा मिळतो. दुसरे दिव्याचे : लाल, हिरवा व निळा यांची प्रत्येकी एक आणि तिघांची मिळून एक सामाईक तार. ही सामाईक तार धन असेल तर ‘कॉमन अॅनोड’, ऋण असेल तर ‘कॉमन कॅथोड’. आपला कंट्रोलर यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे बटणे घेण्यापूर्वीच पाहावे. आमचा कॉमन अॅनोडचा होता.

३/
१४ बटणे, प्रत्येकी ३ रंग, म्हणजे ४२ जोडण्या. प्रत्येक जोडणीला एक रेझिस्टर हवा. पुण्याच्या तपकीर गल्लीत उभा राहून मी हिशेब केला : तिघांत मिळून सामाईक तारेवर एकच रेझिस्टर लावला तर सोल्डरिंगचे काम एक तृतीयांशावर येईल. तसेच केले. एकेक रंग सुटा लावून पाहिला, छान उजळला. मग पांढऱ्यासाठी तिन्ही रंग एकदम लावले. चौदाच्या चौदा बटणे लालभडक झाली!

४/
कारण असे : लाल एलईडी साधारण २ व्होल्टला प्रकाशतो, हिरव्याला व निळ्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. रेझिस्टर सामाईक असला की लाल आधी पेटतो आणि विद्युतदाब २ व्होल्टपाशीच रोखून धरतो. उरलेले दोघे उपाशी. उपाय एकच, प्रत्येक रंगाला स्वतंत्र रेझिस्टर. ५ व्होल्टचा पुरवठा आणि २० मिलिअॅम्पिअर प्रवाह धरला, तर लालसाठी (५ − २) ÷ ०.०२ = १५० ओहम. हिरव्या-निळ्यासाठी (५ − ३.२) ÷ ०.०२ = ९०; म्हणून बाजारात सहज मिळणारा १०० ओहमचा.

५/
जोडणी सुधारली, पण एक प्रश्न मनातून जाईना. निळ्या प्रकाशाची ऊर्जा लालपेक्षा अधिक, म्हणून त्याला विद्युतदाबही अधिक, हे पटते. पण मग इंद्रधनुष्यात मध्यावर असणाऱ्या हिरव्याने मधलाच आकडा मागायला हवा. तो तर निळ्याच्या पंक्तीला बसलेला! याचे उत्तर रंगात नाही, वंशावळीत आहे.

६/
१९०७. मार्कोनी यांच्या कंपनीत काम करणारे इंग्रज अभियंते हेन्री जोसेफ राउंड यांनी सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकातून वीज सोडली आणि स्फटिक मंदपणे उजळलेला पाहिला. त्यांनी ‘इलेक्ट्रिकल वर्ल्ड’ नियतकालिकाला एक छोटेसे टिपण धाडले. जग आपल्या कामाला लागले.

७/
१९२० चे दशक, रशिया. ओलेग लोसेव या तरुण संशोधकाला रेडिओच्या डिटेक्टरमध्ये हाच उजेड दिसला. हा उष्णतेचा प्रकाश नव्हे, हे ओळखून त्याने त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, त्याचा भुकेने अंत झाला. एलईडीच्या इतिहासात त्याचे नाव पुढे कित्येक वर्षे क्वचितच घेतले गेले.

८/
१९६२. अमेरिकेत सिराक्यूज येथील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत निक होलोनिआक यांनी गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइड या मिश्रणातून डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश मिळवला. व्यवहारात उतरलेला दृश्य प्रकाशाचा एलईडी तो हाच. पुढे १९७२ मध्ये त्यांचेच शिष्य जॉर्ज क्रॅफर्ड यांनी पिवळा एलईडी साधला. गॅलियम फॉस्फाइडचा हिरवाही आला, पण तो पोपटीकडे झुकणारा. ही सारी एकाच घराण्यातली भावंडे, २ व्होल्टच्या आसपास समाधान मानणारी.

९/
आता आर्केडकडे वळू. १९७९ मध्ये अटारीचा ‘अॅस्टेरॉइड्स’ आला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेषा, आणि खेळ सुरू करण्याची शंकूच्या आकाराची दोन बटणे. नाणे टाकले की ती लुकलुकत. त्यांत होता एलईडी, आणि तोही लाल. निवडीला फारसा वाव नव्हताच. त्या काळी उजळ आणि स्वस्त म्हणजे लालच.

१०/
बाकीचे रंग त्या युगाने उसने आणले. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा मूळ पडदा कृष्णधवल, त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावून आक्रमक रंगवले जात. उजळणारी बटणे हवी असतील तर रंगीत प्लॅस्टिकमागे साधा बल्ब. दोन्हीकडे युक्ती एकच : प्रकाश पांढरा, रंग गाळणीचा. एकाच बटणाने क्षणात लालाचे निळे व्हावे, तर तिन्ही रंग मुळातच प्रकाशाचे हवेत. आणि निळा अडला होता.

११/
तो का अडला? उजळ निळ्यासाठी गॅलियम नायट्राइड हे योग्य द्रव्य, हे अनेकांना ठाऊक होते. पण ते नीलमण्याच्या चकतीवर वाढवावे लागे आणि दोहोंची अणुरचना जुळत नसे, त्यामुळे स्फटिक भेगाळे. शिवाय डायोडला लागणारा धनप्रकारचा थर त्यात काही केल्या तयार होईना. कित्येक संशोधकांनी नाद सोडला. १९८० च्या दशकाअखेर सिलिकॉन कार्बाइडचे निळे एलईडी विक्रीला आले, पण ते फारच मिणमिणते.

१२/
नाद सोडला नाही तो जपानमध्ये. नागोया विद्यापीठात इसामू आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी नीलमणी व स्फटिक यांच्यामध्ये अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर घातला. १९८६ मध्ये नितळ स्फटिक हाती आल्याचे प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये धनप्रकारचा थरही साधला. त्या नितळ स्फटिकाच्या वेळी अमानो पंचविशीच्या उंबरठ्यावरचे विद्यार्थी होते, हे वाचताना प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात अडकलेल्या मला जरा धीर आला.

१३/
शिकोकू बेटावरील आनान या लहान गावी निचिया ही रसायनांची कंपनी. तिथे शुजी नाकामुरा यांनी स्फटिक वाढवण्याचे यंत्र स्वतः फेरफार करून उभे केले. धनप्रकारचा थर का फसतो, याचेही कारण त्यांनी दाखवले : हायड्रोजन मॅग्नेशियमला जखडून ठेवतो, योग्य रीतीने तापवले की तो निघून जातो. नोव्हेंबर १९९३ मध्ये कंपनीने उजळ निळा एलईडी जाहीर केला. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळाले. लाल एलईडीचे जनक होलोनिआक तेव्हा हयात होते, पण ते त्या यादीत नव्हते.

१४/
आता हिरव्याचे कोडे. निळ्याच्या त्याच द्रव्यात इंडियमचे प्रमाण वाढवले की प्रकाश हिरव्याकडे सरकतो. १९९५ च्या सुमारास याच मार्गाने खरा, उजळ हिरवा मिळाला. आपल्या बटणातला हिरवा हा जुन्या पोपटी हिरव्याचा वंशज नव्हे. तो निळ्याचा धाकटा भाऊ आहे. म्हणूनच तो ३ व्होल्ट मागतो. १५० आणि १०० ओहम या दोन आकड्यांत दोन घराण्यांची नोंद आहे, आणि त्यांच्यामध्ये तीन दशकांचे अंतर.

१५/
इथे मात्र एक पेच उभा राहिला. मामाला सुगावा लागू न देता मी सहज विचारले, “मामा, तुमच्या पार्लरमधली बटणे कोणत्या रंगाची उजळायची?” मामा हसला. “अरे, बटणं कसली उजळतात! उजेड असायचा तो फक्त पडद्याचा. बटणं बोटांना पाठ असायची.” मामाचा लाडका ‘स्ट्रीट फायटर २’ आहे १९९१ चा. म्हणजे आम्ही त्याच्या लहानपणाला असा रंग चढवत होतो, जो तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

१६/
आठवणींचे असेच होते. शिवकाळावरच्या चित्रपटात नंतरच्या काळातली वस्तू दिसली की आपण लगेच बोट दाखवतो. पण जवळच्या भूतकाळातली विसंगती डोळ्यांवरून निसटते, कारण ती सुंदर असते. निळ्या-जांभळ्या झगमगाटाला आज सगळे ‘एटीज’ म्हणतात. त्या दशकातल्या आर्केडमध्ये निऑन नळ्यांचा निळा असेल, रंगीत काचेआडचा असेल. पण बटणातला उजळ निळा एलईडी असणे शक्य नव्हते.

१७/
बटणे परत करायची का? नाही. रंग बदलता येतो, हीच तर त्यांची सोय. आम्ही कंट्रोलरला खेळांच्या सालांची यादी दिली आणि एक नियम घातला : १९९३ पर्यंतचा खेळ असेल तर निळा व हिरवा बंद, खेळाची बटणे काळोखात, फक्त ‘स्टार्ट’ लाल लुकलुकेल. १९९४ पासून पुढे सर्व रंगांना मुभा. ही काटेकोर पुनर्निर्मिती नव्हे. प्रत्येक यंत्राची घडण वेगळी होती. पण निदान खोटे तरी नाही.

१८/
वाढदिवसाच्या रात्री मामाने ‘स्ट्रीट फायटर २’ लावला. दोन खेळांमधली झगमग विझली, बटणे अंधारली. भाची म्हणाली, “बिघडलं वाटतं!” मामाने पडद्यावरची नजर न हलवता सांगितले, “नाही गं, आता बरोबर आहे.” त्याची बोटे खाली न पाहता चालत होती.

१९/
आपल्या गावात व्हिडिओ गेम पार्लर होते का? कोणत्या साली, कोणत्या गल्लीत, एका खेळाला किती पैसे पडत? घरातल्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना विचारून खाली अवश्य लिहा. या आठवणी अजून कागदावर फारशा आलेल्या नाहीत, आणि सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत.

(समाप्त)