एकाच इंजिनाचे दोन स्वभाव

जुन्या वस्तूची डागडुजी करताना तिला सुधारण्याचा मोह आवरणे ही मोठी अवघड गोष्ट आहे. जुन्या देवळाच्या काळ्या दगडाला तैलरंग फासणारे भाविक आणि जुन्या मोटारीच्या इंजिनात शर्यतीचा कॅमशाफ्ट बसवणारे शौकीन हे आम्हांला एकाच कुळीचे वाटतात. दोघांचेही प्रेम खरे असते. चुकते ते एवढेच, की ती वस्तू जशी आहे तशी का घडली, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला नसतो. हा प्रश्न इतिहासाचा आहे. म्हणून मोटारीच्या पोटातील एका दांड्याची कथा व्याख्यानमालेच्या या संग्रहात सांगण्यास आम्हांला संकोच वाटत नाही.

कॅम म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा. दांडा फिरला की उंचवटा समोरच्या वस्तूला उचलतो आणि पुढे सरकताच तिला खाली सोडतो. ही युक्ती मोटारीहून फार जुनी आहे. अल्-जझरी या यंत्रकाराने १२०६ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात तिचा उपयोग आढळतो. पाणचक्कीवर चालणारे लोहारकामाचे हातोडे युरोपात शतकानुशतके याच युक्तीने उचलले जात. १८७६ साली निकोलाउस ओटो याने चार धावांचे इंजिन यशस्वी केले. त्यानंतरच्या काळातील कित्येक मोटारींत जळका धूर बाहेर सोडणारी झडप तेवढी कॅमने उघडत असे. पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारी झडप दट्ट्याच्या ओढीनेच उघडे. इंजिनाचा वेग वाढू लागला तसा हा भोळा कारभार अपुरा पडला आणि दोन्ही झडपा कॅमच्या ताब्यात गेल्या.

यानंतर एक सूक्ष्म गोष्ट कारागिरांच्या ध्यानात आली. हवेलाही वजन आहे. तिला चालू व्हायला वेळ लागतो, आणि एकदा चालू झाली की थांबायलाही वेळ लागतो. म्हणून आत घेणारी झडप दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्याच्या थोडी आधी उघडावी आणि खालचे टोक गेल्यावर बरीच उशिरा मिटावी, हे शहाणपण रूढ झाले. किती आधी आणि किती उशिरा, हाच कॅमशाफ्टच्या निवडीचा सारा प्रश्न.

हा प्रश्न आपल्या परिचयाच्या एका इंजिनावर तपासून पाहू. १९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिस यांचे घराणे एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्यांच्या ‘बी’ मालिकेतील १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन दोन अगदी निराळ्या घरी नांदले. एक घर मॉरिस ऑक्सफर्डचे. तिच्या १९५६ च्या आवृत्तीवरून उत्तरपाड्याच्या कारखान्यात आपली ॲम्बॅसडर निघाली, तीत लवकरच हे इंजिन आले आणि २०१४ साली गाडीचे उत्पादन थांबेपर्यंत ती टॅक्सीपासून मंत्र्यांच्या दारापर्यंत सर्वत्र वावरली. दुसरे घर १९५५ च्या एम.जी.ए. या दोन आसनी खेळकर गाडीचे.

घरगुती गाडीच्या कॅमशाफ्टचे आकडे असे: आत घेणारी झडप वरच्या टोकाआधी ५ अंश उघडते, खालच्या टोकानंतर ४५ अंशांनी मिटते, बाहेर सोडणारी ४० अंश आधी उघडते आणि १० अंश उशिरा मिटते. म्हणजे प्रत्येक झडप २३० अंश उघडी, आणि दोन्ही एकदम उघड्या अशी संधी १५ अंशांची. एम.जी.ए.चे आकडे अनुक्रमे १६, ५६, ५१ आणि २१. येथे झडप २५२ अंश उघडी राहते आणि संधी ३७ अंशांची होते. दोन कार्ब्युरेटर आणि अधिक दाब यांची साथ मिळून ही गाडी प्रारंभीच ५५०० फेऱ्यांना ६८ अश्वशक्ती देई. घरगुती भावंड पन्नाशीच्या आसपास, तेही बऱ्याच कमी फेऱ्यांवर. पण हे फुकट मिळत नाही. झडप उशिरा मिटली की संथ वेगात वर येणारा दट्ट्या घेतलेलेच मिश्रण परत ढकलतो. चार माणसे आणि सामान घेऊन घाट चढणाऱ्या गाडीला जो जोर हवा, तो तळाकडूनच कमी होतो. ऑक्सफर्डच्या अभियंत्यांना तिखट कॅम माहीत नव्हता असे नाही. त्यांनी तो जाणून वगळला होता.

या इंजिनाची आणखी एक घरगुती अडचण आहे. आत येणाऱ्या वाटा चार सिलिंडरांना मिळून दोनच: पहिला-दुसरा एका वाटेवर, तिसरा-चौथा दुसऱ्या. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असल्यामुळे दुसऱ्याच्या पाठोपाठ पहिला आणि तिसऱ्याच्या पाठोपाठ चौथा श्वास घेऊ लागतो, अवघ्या १८० अंशांनी. झडप २३० अंश उघडी असेल, तर ५० अंश दोघे एकाच ताटात जेवतात. २५२ असेल तर ७२ अंश. २८० असेल तर पुरे १००. शर्यतीचा कॅम बसवला की शेजाऱ्याच्या तोंडचा घास पळवणे वाढते, आणि इंजिन मंद गतीत अडखळू लागते.

मग हा शर्यतीचा मोह आला कोठून? दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस अँजेलिसच्या परिसरात एड इस्केंदेरियन यांच्यासारख्या कारागिरांनी फोर्डच्या व्ही-८ इंजिनांसाठी कॅमशाफ्ट घासून देण्याचा धंदा नावारूपाला आणला. ‘पाऊण शर्यती’, ‘पुरा शर्यती’ अशी मालाची वर्गवारी तेव्हाच रूढ झाली. कोरड्या सरोवराच्या सपाटीवर एकाच वेगाने धावणाऱ्या गाड्यांसाठी ती योग्यच होती. ती भाषा मात्र बाजारपेठेच्या चौकात थांबत-थांबत जाणाऱ्या गाड्यांनाही चिकटली, आणि मोठा आकडा म्हणजे चांगला माल, अशी समजूत झाली. शिवाय आकडे मोजण्याच्या रीतीही एक नाहीत. कोणी झडप हलताच मोजतो, कोणी टॅपेट पन्नास सहस्रांश इंच उचलल्यावर. दोन जाहिरातींतील अंश शेजारी मांडून तुलना करणे म्हणजे कोस आणि मैल यांची बेरीज करणे होय.

तात्पर्य, साध्या पुनर्बांधणीसाठी आमचे मत असे: १४८९ च्या घरगुती गाडीत मूळचाच कॅमशाफ्ट नवा करून घालावा, हौस असेल तर २५२ अंशांपर्यंत जावे, त्यापुढे नाही, आणि तेही दाब व कार्ब्युरेटर यांचा विचार सोबत करून. १९६२ च्या एम.जी.बी.मध्ये हेच २५२ अंश १७९८ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला दिले होते आणि तेथे ते अधिक सौम्य वाटतात, कारण मोठ्या पोटाला मोठा घास पचतो. ज्या इंजिनाचा पेट्रोलपंप कॅमशाफ्टवर चालतो, त्याच्या नव्या शाफ्टवर त्या पंपाचा उंचवटा आहे की नाही हे विकत घेण्याआधी पाहावे.

निवड बरोबर झाली तरी काम संपत नाही. नव्या कॅमशाफ्टवर जुने टॅपेट कधीही बसवू नयेत. ते परस्परांशी झिजून जुळलेले असतात, आणि परक्या जोडीदाराला काही मिनिटांत ओरबाडून टाकतात. पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन मंद न ठेवता दोन हजार फेऱ्यांच्या वर वीसेक मिनिटे चालवावे, म्हणजे उडणारे तेल कॅमपर्यंत पोहोचते. तेलाची गोष्टही इतिहासाचीच आहे: नव्या मोटारींच्या धूरशोधक यंत्राला फॉस्फरस बाधतो, म्हणून गेल्या काही दशकांत मोटारीच्या तेलांतील जस्त-फॉस्फरसयुक्त रक्षकद्रव्य कमी करण्यात आले. सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनाला ते द्रव्य हवे असते. तेव्हा तेल त्याच्या जातीचे शोधून घालावे.

कोणी म्हणेल, एवढ्या मर्यादा पाळायच्या तर आनंद कोणता? आमचे उत्तर असे, की जुनी मोटार जगते ती चालवल्यानेच. जी सिग्नलला बंद पडते, घाटात धापा टाकते आणि चौकात उसळते, ती दोन महिन्यांत छपराखाली जाते आणि तेथेच गंजते. जी पहाटे एका हाकेत सुरू होते, तीत घरची म्हातारी माणसेही हौसेने बसतात. ज्या अभियंत्याने ५ आणि ४५ हे आकडे लिहिले, त्याच्या डोळ्यांसमोर हीच माणसे होती.