रिलेचा ‘टक्’

‘रिले’ म्हटलं की आपल्याला धावण्याची शर्यत आठवते. विजेच्या रिलेचंही तेच: आपलं काम पुढच्याच्या हाती द्यायचं.

ही युक्ती १८३५ च्या सुमाराची. अमेरिकेत प्रिन्स्टनला जोसेफ हेन्री शिकवत असत. मोठ्या विद्युतचुंबकाला ते भलं जड वजन लटकवत. मग लांब तारेतून आलेला क्षीण प्रवाह छोट्या चुंबकाकरवी मोठ्याचं सर्किट तोडी आणि वजन धाडकन खाली! प्रयोगशाळेतून घरी निरोप द्यायलाही त्यांनी तार ओढली होती. पुढे तारायंत्राने हीच युक्ती उचलली. लांबच्या तारेत प्रवाह दुबळा होई, तिथे रिले नव्या बॅटरीचा प्रवाह जोडून देई. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. रिले मात्र टिकला.

एक आमच्या शिरपूरच्या घरीही आहे. आप्पांचा टीव्ही रिमोटने लागतो, पण जुन्या ॲम्प्लिफायरसाठी वाकून भिंतीवरचं बटण दाबावं लागे. ते आता त्यांना जमत नाही. टीव्ही लागला की त्याच्या यूएसबीत ५ व्होल्ट येतात. ते रिलेच्या कॉइलला दिले. कॉइलवर उलटा डायोड लावला. आतली पट्टी ओढली जाते आणि २३० व्होल्ट ॲम्प्लिफायरला मिळतात. सगळं अर्थात बंद डबीत.

आप्पांना आता कुणाला हाक मारावी लागत नाही. मला मात्र पहाटे शेजारच्या खोलीतून ‘टक्’ ऐकू येतं, आणि कळतं, आप्पा उठले. हेन्रींच्या तारेसारखा हाही एक घरचा निरोपच, नाही का?